अवघड कुत्र्यासाठी घर शोधताना घरातला दिवस बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेरू चार वर्षांचा आहे, वर्षभर शेल्टरमध्ये आहे आणि दोन घरांतून परत आला आहे. खाण्याच्या भांड्याजवळ कोणी गेलं की गुरगुरतो, लीशवर, म्हणजे फिरवायच्या दोरीला बांधलेला असताना, दुसरा कुत्रा दिसला की आकांत मांडतो, अनोळखी पुरुषांना घाबरतो आणि दुसऱ्या घरात असताना एका पाहुण्याच्या हाताला चावला. हे सगळं लिहिलं तर कोणी फिरकत नाही आणि लपवलं तर तो तिसऱ्यांदा परत येईल. मग लिहायचं काय आणि घर शोधायचं कसं?

सगळं खरं लिहायचं, यात दुमत नाही. चाव्याची गोष्ट लपवून कुत्रा कोणाच्या घरात पाठवणं हा त्या माणसांचा विश्वासघात आहे आणि शेरूचाही. पण कसं लिहायचं आणि कोणी वाचावं म्हणून लिहायचं, खरी मेख तिथे आहे.

‘प्रेमळ घर हवं’, ‘अनुभवी पालक हवेत’, ‘मोठं अंगण हवं’ ही तिन्ही वाक्यं आधी काढून टाका. ज्या दोन घरांनी शेरूला परत पाठवलं तीही प्रेमळच असणार, नाहीतर त्यांनी त्याला नेलंच नसतं. अंगणाचं तर उलटंच होतं. लीशवर भुंकणारा कुत्रा कुंपणामागे दिवसभर मोकळा राहिला की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर धावून जाण्याचा त्याचा सराव होतो आणि ती सवय आणखी पक्की होते. अनुभवाचं म्हणाल, तर आयुष्यभर मनमिळाऊ लॅब्राडॉर सांभाळलेला माणूस ‘मला कुत्रे कळतात’ म्हणत पहिल्याच दिवशी शेरूच्या भांड्यात हात घालतो. त्यापेक्षा ‘मला काही माहीत नाही, तुम्ही सांगाल तसं करीन’ म्हणणारा नवखा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

शेरूला असं घर हवं, जिथे त्याच्या अडचणींना रोजच्या दिवसात फारसं निमित्तच मिळत नाही. माणसं चांगली आहेत की नाहीत हे ठरवण्यात आपण फार वेळ घालवतो. त्यांचा दिवस कसा जातो हे मात्र विचारायचं राहून जातं.

पण त्याआधी शेरूच्या अडचणी नेमक्या काय आहेत ते तुम्हाला कागदावर उतरवावं लागेल. ‘आक्रमक’, ‘डॉमिनंट’, ‘हट्टी’ हे शब्द त्यात नकोत. काय झालं की तो काय करतो, किती अंतरावर करतो आणि शांत व्हायला किती वेळ लागतो, एवढंच लिहा. भांड्याचंच घ्या. गुरगुर ही फार उशिरा येणारी सूचना असते. तिच्या आधी त्याची मान भांड्यावर आणखी खाली जाते, खाण्याचा वेग एकदम वाढतो, मग तोंड हलायचं थांबतं, अंग ताठरतं आणि मान न वळवता तो डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघतो, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. हे तुम्ही सहा फुटांवर असताना होतं की दोन फुटांवर? रोजच्या कोरड्या खाण्यावर होतं की फक्त हाडावर? ओळखीच्या माणसाबरोबरही होतं का? फक्त हाडावर आणि फक्त दोन फुटांच्या आत होत असेल, तर ‘हाड द्यायचंच नाही आणि जेवताना त्याला एकटं सोडायचं’ एवढ्या नियमावर बहुतेक घरं आरामात चालतात. जमिनीवर पडलेल्या प्रत्येक वस्तूवर होत असेल, तर रांगणारं किंवा धावणारं मूल असलेलं घर बादच. आणि गुरगुरल्याबद्दल त्याला शेल्टरमध्ये कोणी ओरडत असेल, तर ते आजच थांबवा. गुरगुरायची चोरी झालेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

लीशवरच्या भुंकण्याचंही तसंच. काही कुत्र्यांना समोरच्याकडे जायचं असतं आणि लीश अडवते म्हणून ते चिडतात. काहींना समोरचा लांब जायला हवा असतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, पण पहिल्या प्रकारचा कुत्रा कदाचित दुसऱ्या कुत्र्याच्या सोबतीने आनंदात राहील आणि दुसऱ्या प्रकारच्याला दुसरा कुत्रा नसलेलं घरच लागेल. मोकळ्या जागेत, शांत स्वभावाच्या कुत्र्याबरोबर, दोघांनाही लीशवर ठेवून बऱ्याच अंतरावरून समांतर चालवून बघा. अंतर हळूहळू कमी करताना त्याचं अंग सैल राहतं की आवळत जातं, त्यावरून बरंच कळतं.

चाव्याचं वर्णन ‘एकदा चावला’ असं अर्धवट ठेवू नका, कारण वाचणाऱ्याच्या मनात त्याचं सर्वात भयंकर चित्र उभं राहतं. पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ इयन डनबर यांनी चाव्यांसाठी सहा पातळ्यांची मोजपट्टी केली आहे, ती वापरा. पहिल्या पातळीत दात त्वचेला लागतच नाहीत. दुसऱ्या पातळीत लागतात, पण भोक पडत नाही. तिसऱ्यात एकाच चाव्यात एक ते चार भोकं पडतात, पण खोली सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी असते. चौथीत त्याहून खोल जखम होते, म्हणजे कुत्र्याने दाबून धरलेलं किंवा झटकलेलं असतं. पाचवीत असे अनेक चावे आणि सहावीत मृत्यू. पाहुण्याला नेमकं काय झालं होतं, त्याआधी त्याने काय केलं, शेरूला मागे सरकायला जागा होती का, हे दुसऱ्या घराला फोन करून विचारा. ओणवं होऊन डोक्यावरून हात फिरवणाऱ्या अनोळखी माणसाला कोपऱ्यात अडकलेला कुत्रा दुसऱ्या पातळीचा चावा घेतो, ही एक गोष्ट. दुसऱ्या खोलीतून धावत येऊन चौथ्या पातळीचा चावा घेतो, ही पूर्ण वेगळी. दुसऱ्या प्रकारात घर शोधणं थांबवून आधी वर्तनाचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याला दाखवा. काही कुत्र्यांना कोणत्याही घरात सुरक्षित ठेवता येत नाही आणि त्या वेळी घ्यावा लागणारा निर्णय फार जड असतो. तो एकट्या स्वयंसेवकाने घेऊ नये आणि त्याचं ओझंही एकट्याने वाहू नये. तुमच्या वर्णनावरून शेरू त्या टोकाला आहे असं मला मुळीच वाटत नाही.

पशुवैद्याकडे मात्र त्याला तसंही न्याच, नुसत्या लसीसाठी नाही. दात, कान, कंबर, गुडघे, सगळं तपासून घ्या. दुखणाऱ्या जागी हात लागला की कुत्रा चावतो आणि आपण त्याच्या स्वभावाला दोष देत बसतो. भीती फार खोल असेल तर औषधाचाही विचार होतो. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून हा विषय घर मिळायच्या आधीच काढलेला बरा. ‘औषध चालू आहे’ म्हटलं की लोक बिचकतील, या भीतीने तो टाळू नका.

आता शेल्टरमधल्या वागण्यावर किती विसंबायचं? माझं मत, अर्ध्यावरच. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 97 कुत्र्यांचं शेल्टरमधलं आणि दत्तक गेल्यानंतरचं वागणं ताडून पाहिलं होतं. शेल्टरच्या चाचणीत 20 कुत्रे अन्नावरून आक्रमक ठरले होते, त्यातल्या 11 जणांनीच घरी तसं वर्तन केलं. उरलेले 77 चाचणीत शांत होते आणि त्यातल्या 17 जणांनी घरी गेल्यावर मात्र अन्न राखलं. सतत भुंकण्याचा आवाज, अपुरी झोप, शेजारच्या पिंजऱ्यातला ताण, हे सगळं सोसणारा कुत्रा आणि सोफ्यावर आठ तास झोपलेला कुत्रा यांच्यात फरक पडणारच. म्हणून शेरूला एक-दोन रात्रींसाठी तरी कोणाच्या घरी न्या. अशा छोट्या मुक्कामात कुत्र्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, खाली येतं हे 2019 च्या एका अभ्यासात दिसलं आहे. शेल्टरमध्ये परत आल्यावर ते पुन्हा पूर्वीइतकं होतं, पण मुक्कामाच्या आधीपेक्षा वाढत नाही. त्यामुळे ‘परत आणल्यावर त्याला जास्त त्रास होईल’ म्हणून नेणं टाळू नका. शिवाय तुम्हाला तिथे ती माहिती मिळते जी पिंजऱ्यात कधीच मिळणार नाही: तो रात्री झोपतो का, एकटा राहतो का, दाराची बेल वाजली की काय करतो.

मग घरवाल्यांशी बोलताना दिवसाचं विचारा. सकाळी पहिला माणूस किती वाजता उठतो? दारातून बाहेर पडलं की लगेच रस्ता आहे, की जिना, की लिफ्ट? लिफ्टचं दार उघडलं आणि आत कुत्रा असला तर शेरूला मागे जायला जागाच नसते. आठवड्यात घरी किती माणसं येतात, न सांगता येतात का? नातवंडं सुट्टीत राहायला येतात का? (‘आमच्याकडे लहान मुलं नाहीत’ म्हणणाऱ्यांकडे सुट्टीत चार मुलं असतात. हे विचारल्याशिवाय कळत नाही.) आलेल्या पाहुण्याला ‘कुत्रा आत बंद आहे, तो बाहेर येणार नाही’ असं न अवघडता सांगणारं कोणी घरात आहे का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पाहुण्यांपुढे भीड न तोडता येणाऱ्या घरात घाबरट कुत्रा टिकत नाही.

शेरूसारखीच एक कुत्री होती, अनोळखी माणसं आणि इतर कुत्रे दोन्ही न खपणारी. तिच्यासाठी मोठ्या घरातली, मोठ्या अंगणातली, मनाने फार चांगली कुटुंबं आली. ती गेली एका एकट्या राहणाऱ्या बाईंकडे. घर लहान, पण दार मागच्या रिकाम्या गल्लीत उघडायचं. बाई पहाटे उठायच्या, रस्ता सुनसान असतानाच तिला फिरवून आणायच्या. घरी माणसं येत नसत. आली तर आधी फोन करत. पहिल्या भेटीत त्या कुत्रीकडे पाठ अर्धी वळवून खाली बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याशी दुसऱ्याच विषयावर बोलत राहिल्या. कुत्री मागून येऊन त्यांच्या कोपराचा वास घेऊन गेली, तरी त्यांनी हात हलवला नाही. त्यांनी याआधी कधी कुत्रा पाळला नव्हता.

जाहिरात अशा एका माणसासाठी लिहा. साधारण असं: ‘शेरू चार वर्षांचा आहे. ओळखीच्या माणसांच्या पायाशी झोपतो, चेंडूसाठी वेडा आहे, गाडीत शांत बसतो. जेवताना त्याला एकटं सोडावं लागतं. लीशवर इतर कुत्र्यांपासून तीस फूट अंतर ठेवलं तर तो तुमच्याकडे लक्ष देतो, त्याहून जवळ आल्यास भुंकतो. पाहुणे आले की त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं. आधीच्या घरात डोक्यावरून हात फिरवताना तो पाहुण्याच्या हाताला चावला, दात लागले पण भोक पडलं नाही, म्हणजे डनबर मोजपट्टीवर दुसऱ्या पातळीचा चावा. प्रौढ माणसांचं, दुसरा कुत्रा नसलेलं, कमी वर्दळीचं घर हवं. पहिले तीन महिने आम्ही सोबत असू.’ आकडे आणि तपशील अर्थात तुमच्या निरीक्षणातले घाला. असं वाचून बहुतेक लोक पुढे जातील आणि ते जायलाच हवेत. कमी वर्दळीच्या घरात एकटा राहणारा कोणीतरी मात्र थांबेल, कारण त्यातलं एकही बंधन त्याच्यासाठी बंधन नसेल.

तोवर जाळीदार मझलची, म्हणजे तोंडावर बसणाऱ्या जाळीच्या मुसक्याची, सवय लावायला सुरुवात करा. तोंड बांधून टाकणारी कापडी पट्टी नको. जाळीच्या मझलमध्ये कुत्र्याला धापता येतं, पाणी पिता येतं, ट्रीट घेता येते. आत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, पट्टा बांधायची घाई काही दिवस करू नका. मझल आवडीने घालणारा कुत्रा पशुवैद्याकडे, पाहुण्यांसमोर, नव्या माणसाच्या पहिल्या भेटीत सगळ्यांना निर्धास्त ठेवतो.

भेटी एकाहून जास्त ठेवा आणि पहिली शेल्टरबाहेर, चालता-चालता. पुरुष असतील तर त्यांनी शेरूकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, फक्त शेजारून चालायचं. घरी गेल्यावर भांबावलेपण ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, पूर्ण रुळायला तीन महिने हा ढोबळ हिशोब त्यांना समजावून सांगा. पहिले काही दिवस तो गप्प राहील आणि त्यांना वाटेल की तुम्ही उगीच घाबरवलं. खरा शेरू दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतो आणि बहुतेक घरं तिथेच हबकतात. त्या दिवसांत त्यांच्या फोनची वाट बघू नका, तुम्हीच करा. ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं की लोक ‘हो’ म्हणून मोकळे होतात. म्हणून विचारा: काल तो कोणावर गुरगुरला? तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?

आणि करारात लेखी घाला, की कोणत्याही कारणाने, कितीही वर्षांनी त्याला ठेवणं जमलं नाही तर तो शेल्टरकडेच परत येईल, दुसऱ्या कोणाला परस्पर दिला जाणार नाही. परत आणणाऱ्यांना दोष देऊ नका. त्यांना बसवून घेऊन सविस्तर विचारा आणि त्या पहिल्या दोन घरांनाही याच आठवड्यात फोन करा. शेरू तिथे कोणत्या वेळी, कोणाजवळ, घराच्या कोणत्या भागात सर्वात निवांत असायचा, हे तुम्हाला त्यांच्याशिवाय दुसरं कोणीही सांगू शकणार नाही.