रात्री पोटरीत गोळा येतो, मॅग्नेशियमची गोळी घेऊ का?

प्रश्न : ताई, माझं वय 61. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, जीव कासावीस होतो. पुण्याच्या मुलानं मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली पाठवली आहे. घरी आरओ बसवला आणि बोअरचं पाणी पिणं सुटलं, त्यामुळं हे होतंय असं शेजारीण म्हणते. बीपीची गोळी आणि अनशापोटी पित्ताची गोळी बरीच वर्षं चालू आहे. बाटली सुरू करू का?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : मावशी, बाटली सध्या ठेवून द्या आणि पित्ताच्या गोळीचं पाकीट हातात घ्या. त्यावर पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा राबेप्राझोल लिहिलेलं असेल, तर माझा पहिला संशय तिच्यावर आहे. अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2011 मध्येच तसा इशारा दिला होता. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल, तर तिच्यामुळंही ते लघवीवाटे जातं. लातूरला माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायका पित्ताची गोळी कुणी, किती दिवसांसाठी दिली होती हेच विसरलेल्या असतात. मनानं मात्र कुठलीच गोळी बंद करू नका. दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडं जा. मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगा. क्रिएटिनिन यासाठी, की मूत्रपिंड कमजोर असेल तर जादा मॅग्नेशियम बाहेर पडत नाही आणि ते जिवावर बेतू शकतं. रिपोर्ट नॉर्मल आला तरी तो अर्धवटच बोलतो : शरीरातल्या सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियमपैकी निम्म्याहून अधिक हाडांत असतं, रक्तात एक टक्काही नाही.

आणखी एक स्पष्ट सांगते. उतारवयात पोटरीत असे गोळे येतात, त्यावर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही, असंच आजवरच्या अभ्यासांत दिसलंय. खरंच कमतरता निघाली, तर गोष्ट वेगळी.

पाण्याचं शेजारीण अगदीच चुकीचं बोलत नाही. आपल्या बोअरचं पाणी जड असतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियममुळंच, आणि आरओ दोन्ही काढून टाकतो. पण खरा साठा ताटात असतो. दिवसाला सुमारे 300 ते 400 मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. 100 ग्रॅम ज्वारीत ते साधारण 130 मिलिग्रॅम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम 20. मुलं-नातवंडं पोळी-भात मागतात म्हणून घरात भाकरी एकाच वेळेला होऊ लागली असेल, तर ती दोन्ही वेळेला करा, आणि पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा टाकू नका. सोबत जवसाची नाही तर कारळाची चटणी चमचाभर, करडईची किंवा अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीत आपण वाटाणा, हरभरा, तुरीचे ओले दाणे, पालेभाज्या घालतो. तशी भज्जी हिवाळाभर आठवड्यातून एकदा शिजवायला काय हरकत आहे?

गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं हातानं स्वतःकडं ओढा आणि सैल पडेपर्यंत धरून ठेवा. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून पोटरी ताणा. एकाच पायाला सूज, लाली किंवा सतत दुखणं असेल, तर तपासण्यांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.