एका गोळीचे सोळा तुकडे

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीला (वय ५८) स्तनाचा कॅन्सर आहे. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं, आता तो कमरेच्या नि मांडीच्या हाडांत उतरलाय. केमोचे तीन डोस झाले. ताई पार गळून गेलीय, 'आता पुरे' म्हणते. दुखण्यासाठी दर चार तासांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. भाच्याने पुण्याहून नाल्ट्रेक्सोनच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्यात. ब्लेडने एका गोळीचे सोळा तुकडे करून डबीत ठेवलेत, रोज रात्री झोपताना एक द्यायचा. खर्च किरकोळ, साइड इफेक्ट नाही, प्रतिकारशक्ती वाढून कॅन्सर आटोक्यात येतो, फक्त औषध कंपन्या हे दडपतात, असं तो म्हणतो. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबलोय. केमो बंद करून हे सुरू करावं का?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : पत्रावर फोन नंबर होता म्हणून बरं. पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तेच बोलणं इथे देते आहे. अशा डब्या आणखीही काही घरांत असतील.

ताईंना मॉर्फिन चालू असताना नाल्ट्रेक्सोनचा कणही द्यायचा नाही. दोन्ही औषधं शरीरात एकाच जागेवर जाऊन बसतात, आणि नाल्ट्रेक्सोन मॉर्फिनला हात धरून उठवतं. त्याचं कामच ते आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती हेरॉइनसारखी व्यसनं सुटलेल्या माणसाने पुन्हा तिकडे वळू नये म्हणून, १९९४ मध्ये दारूसाठीही. तिथेसुद्धा पहिली गोळी देण्याआधी माणूस सात ते दहा दिवस अफूच्या जातीच्या औषधांपासून लांब असावा लागतो. दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध त्याच जातीतलं, हेही लक्षात असू द्या.

वेदनांच्या विभागात मी बावीस वर्षं काढली. एकदा रात्री अकराला एका गृहस्थांना आणलं. तोंडाचा कॅन्सर, मॉर्फिनवर कित्येक आठवडे छान चाललेलं. आले ते जांभयांवर जांभया देत. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, बनियन घामाने चिंब, जुलाब, आणि जबडा दोन्ही हातांनी धरून ओरडणं. मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं, तर ढिम्म फरक नाही. बायको कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभी होती. तासाभराने तिने कमरेची पिशवी सोडली आणि कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली. आत गोळीचा चुरा. "डॉक्टर ओरडतील म्हणून सांगितलं नव्हतं," म्हणाली. ते औषध उतरेपर्यंत, म्हणजे पहाटेपर्यंत, आमच्या हातात फारसं काही नव्हतं. मी ओरडलेच तिला. नको होतं ओरडायला.

आता भाच्याचं म्हणणं. ते त्याने हवेतून काढलेलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या हर्षी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात इयन झॅगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग छापला. उंदरांत मज्जातंतूंच्या पेशींच्या कॅन्सरची गाठ वाढवली आणि काहींना नाल्ट्रेक्सोन अगदी थोड्या मात्रेत दिलं. दिवसातले काही तासच जागा अडेल, इतपत. त्यांच्यात गाठ उशिरा आली. कल्पना अशी की, थोडा वेळ दार बंद झालं की शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं जास्त तयार करतं, आणि ती पेशींच्या वाढीला लगाम घालतात. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. बर्नार्ड बिहारी यांनी ही छोटी मात्रा एड्सच्या आणि नंतर कॅन्सरच्या रुग्णांना दिली आणि तिचा बोलबाला झाला.

पण त्याच उंदरांच्या प्रयोगातला दुसरा गट कोणी सांगत नाही. त्यांना जास्त मात्रा दिली होती, जागा दिवसभर अडून राहील अशी. त्यांच्यात गाठ लवकर आली आणि जोमाने वाढली. औषध तेच. आता डबीतले ते सोळा तुकडे डोळ्यांसमोर आणा. मी कुतूहल म्हणून दुसरीच एक तेवढी गोळी ब्लेडने कापून पाहिली. आठ तुकड्यांपर्यंत हात चालला, पुढे नुसता भुगा. एक तुकडा तुरीच्या डाळीएवढा, शेजारचा मोहरीएवढा. उंदराचं गणित माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, मान्य. पण ज्या उपचाराची सगळी भिस्तच मात्रेवर आहे, तो ब्लेडने कसा मोजायचा? माणसांत कॅन्सरवर या छोट्या मात्रेची म्हणून ज्या गोष्टी सांगतात, त्या एकेका रुग्णाच्या हकिकती आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना सोबत दुसरे उपचारही चालू होते.

कंपन्या दडपतात, याबद्दल भाच्याला माझ्याकडून परळची गोष्ट सांगा. टाटा रुग्णालयात डोक्यामानेच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब हे महागडं औषध तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० आहे. जोडीला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या. १५१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के हयात होते, निवोलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के. २०२२ मध्ये हे छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. कमी मात्रेला माझा विरोध नाहीच. मला तुलनेसाठी ठेवलेला, ते औषध न दिलेला गट दाखवा, एवढंच मागणं आहे.

राहिला केमोचा प्रश्न. तो या डबीला बांधू नका, तो ताईंचा स्वतंत्र आणि रास्त प्रश्न आहे. हाडांत गेलेला स्तनाचा कॅन्सर सहसा मुळासकट जात नाही, तो आटोक्यात ठेवायचा असतो. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा की, या केमोने नेमकं काय मिळवायचंय. जुन्या रिपोर्टात 'ईआर' नि 'पीआर' (गाठ हार्मोनवर वाढते का, हे सांगणाऱ्या तपासण्या) पुढे पॉझिटिव्ह लिहिलंय का बघा. असेल, तर अनेकींना केमोऐवजी हार्मोनच्या गोळ्यांवर ठेवता येतं. मांडीच्या दुखण्यासाठी बऱ्याचदा रेडिएशनची एकच बैठक पुरते. हाडं मोडू नयेत म्हणून इंजेक्शन असतं, तेही विचारा. आणि नाल्ट्रेक्सोनची स्ट्रिप डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. ओरडले तर ओरडू देत.

फोनवर शेवटी ताईच आल्या. मला वाटलं केमोबद्दल विचारतील. त्या म्हणाल्या, "बाई, ते सगळं ही माणसं बघतील. मला पाच दिवस झाले, पोट साफ नाही." घरात कोणाला हे माहीतच नव्हतं! मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रात्री जुलाबाचं औषध लागतंच, ते चिठ्ठीत लिहायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते लिहून दिलं. चौथ्या दिवशी तुमचा निरोप आला की, ताई भाकरी मागून जेवल्या.