जानेवारीत दहा दिवसांसाठी प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि जमलं तर साल्झबर्ग, ब्रातिस्लाव्हाला जावं का? बायकोला थंडी सोसत नाही.

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. आमच्याकडे "हिला थंडी सोसत नाही" असं सगळ्या नातेवाइकांना सांगत नवरा मे महिन्याची तिकिटं बघत बसला होता. पुण्याच्या डिसेंबरात मला दोन गोधड्या लागतात हे खरंच आहे. तरी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही हीच तीन शहरं केली. तुम्हीही जा. फक्त दहा दिवसांत पाच शहरांचा जो बेत लिहिलाय, त्यातून साल्झबर्ग आणि ब्रातिस्लाव्हा आत्ताच खोडून टाका.

अडचण थंडीची नाही, उजेडाची आहे. प्रागला तेव्हा आठच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारच्या आत दिवस संपतो. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास, म्हणजे निम्मा उजेड गाडीतच गेला. पण याचा एक फायदाही आहे: सूर्योदय बघायला पहाटे उठावं लागत नाही! 1357 साली बांधायला घेतलेल्या चार्ल्स पुलावर आम्ही पावणेआठला आरामात पोचलो. तीस पुतळे, खाली वाफाळणारी नदी, आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा. उन्हाळ्यात त्या पुलावर धक्के खात चालावं लागतं म्हणतात.

कपड्यांचं म्हणाल तर एकच जाडजूड स्वेटर नेऊ नका. बाहेर उणे चार आणि दुकानात, ट्राममध्ये घाम फुटेल इतकं गरम. आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट, चढवा, उतरवा. बूट मात्र एक नंबर मोठे घ्या. लोकरी मोजे कोंबून बूट घट्ट झाला की पाय जास्तच गारठतात. माकडटोपीला लाजू नका, तिथे तुम्हाला कोण ओळखतंय? आणि जुन्या गावात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. आमच्या बॅगेचं एक चाक प्रागच्या पहिल्याच संध्याकाळी निखळलं, पुढे नऊ दिवस नवरा ती लंगडी बॅग ओढत आणि मला ऐकवत होता, कारण ती निवडली मी होती.

व्हिएन्नात शोनब्रुन राजवाडा आतून बघा. त्याची बाग जानेवारीत म्हणजे नुसते खराटे. बागांसाठीच जायचं असेल तर मे बरा. पण तिथला सरकारी ऑपेरा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतो आणि हिवाळ्यात त्याचा भर हंगाम. उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. आपली जागा धरायला लोक समोरच्या कठड्याला मफलर बांधून ठेवतात, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसा. आम्हीही बांधला. मध्यंतरानंतर तो तिथेच होता, हे नवऱ्याला अजून पटत नाही.

तुमच्या सौभाग्यवतींना काही दाखवून पटवायचं असेल तर बुडापेस्टचं सेचेनी स्नानगृह दाखवा. 1913 सालचं, पिवळ्याधमक राजवाड्यासारखं, आणि उघड्या आकाशाखाली गरम झऱ्याच्या पाण्याचे हौद. कपडे बदलायच्या खोलीतून हौदापर्यंतची वीसेक पावलं मात्र देव आठवतो, म्हणून स्लिपर आणि टॉवेल घरूनच न्या. एकदा गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की पुढचं माणूस दिसत नाही इतकी वाफ. त्या वाफेत दोन म्हातारे छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते. माझ्या कपाळावरच्या ओल्या बटा पाच मिनिटांत काडीसारख्या कडक झाल्या, आणि तरीही बाहेर निघायला मीच तयार नव्हते. थंडी न सोसणारी मी!

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी असाल तर प्रागला तळलेलं चीज, बुडापेस्टला भटुऱ्याच्या जातीचा लांगोश. चौथ्या दिवशी मेतकुटाची पुडी निघतेच.

व्हिसा एकच, तिन्ही देशांना चालणारा शेंगेन. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय खर्च भरून देणारा प्रवासविमा लागतो. चलनं मात्र तीन: प्रागला कोरुना, व्हिएन्नात युरो, बुडापेस्टला फोरिंट. शेवटच्या दिवशी उरलेल्या फोरिंटांची आम्ही लाल मिरचीपूड घेतली. ती संपली, बॅगेचं चाक अजून बसवायचंय.