जावास्क्रिप्टने यादीत घातलेल्या नव्या ओळीचं ‘काढा’ बटण का चालत नाही?

तुमच्या प्रश्नात, कामांची यादी ठेवणाऱ्या तुमच्या पानाबद्दल, तीन तक्रारी आहेत. पान उघडताना कधीकधी कन्सोलमध्ये (ब्राउझर एरर दाखवतो त्या जागी) ‘नल’ची, म्हणजे ‘काहीच नाही’ या किंमतीची, एरर येते. नवीन काम यादीत टाकलं की सगळ्याच ओळींची ‘काढा’ बटणं बंद पडतात. आणि ‘झालेली सगळी काढा’ दाबलं की निम्मीच कामं जातात. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, पण एक गोष्ट पक्की समजली की तिन्ही सुटतात. एचटीएमएल हा नुसता मजकूर आहे. ब्राउझर तो वाचून मेमरीत ऑब्जेक्टचं एक झाड उभं करतो, तेच डॉम; त्यातला प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे नोड. जावास्क्रिप्ट त्या ऑब्जेक्टवर काम करते, तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर नाही. (मेथडची नावं इथे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये मूळ स्पेलिंग वापरा आणि मधली कॅपिटल अक्षरं सांभाळा.)

आधी नल. क्वेरीसिलेक्टरला (आयडी, क्लास वगैरेंवरून झाडातला नोड शोधणारी मेथड) काही सापडलं नाही तर तो ओरडत नाही, गुपचूप नल परत देतो. एरर येते ती पुढे, त्या नलवर तुम्ही ॲडइव्हेंटलिसनर (क्लिकसारखा इव्हेंट घडला की चालणारं फंक्शन, म्हणजे लिसनर, जोडणारी मेथड) लावायला जाता तेव्हा. म्हणून एररमध्ये दाखवलेल्या ओळीत चूक शोधत बसू नका, शोधणारी ओळ तपासा. तुमच्या स्क्रिप्ट टॅगवर ‘ॲसिंक’ आहे, आणि ‘कधीकधी’चं कारण तेच. ॲसिंक म्हणजे फाइल आली की लगेच चालवायची, मग पान वाचून झालेलं असो वा नसो. फाइल कॅशमधून झटकन आली तर तुमची यादी अजून झाडात आलेलीच नसते. ॲसिंकऐवजी ‘डिफर’ लिहा, म्हणजे पूर्ण पान वाचून झाल्यावरच स्क्रिप्ट चालेल. डिफर फक्त ‘एसआरसी’ने जोडलेल्या फाइलला लागू होतो, पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर त्याचा काही परिणाम होत नाही. तिथे डॉमकंटेंटलोडेड इव्हेंटची वाट बघा किंवा स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी ठेवा.

एवढं करूनही नल आला तर सिलेक्टर, म्हणजे क्वेरीसिलेक्टरला दिलेला शोधाचा मजकूर, बघा. आयडीआधी हॅश किंवा क्लासआधी टिंब राहून जातं, ही नेहमीची चूक. आयडी आकड्याने सुरू होत असेल तर क्वेरीसिलेक्टर सरळ सिंटॅक्स एरर देतो. तोच आयडी गेटएलिमेंटबायआयडीला मात्र चालतो. आणि क्वेरीसिलेक्टरऑल कधीच नल देत नाही, रिकामी यादी देतो. तुम्ही तिथे लावलेली ‘इफ’ची अट त्यामुळे नेहमीच खरी ठरते. लेंग्थ तपासा.

आता बटणांचं, कारण खरा घोळ इथे आहे. तुम्ही नवीन काम टाकताना यादीच्या इनरएचटीएमएलला (आतलं सगळं एचटीएमएल मजकूर म्हणून देणारी प्रॉपर्टी) अधिक-बरोबरने (+=) मजकूर जोडता. दिसायला ते ‘शेवटी एक ओळ घाल’ असं वाटतं, पण ब्राउझर तसं करत नाही. यादीत १० ओळी आहेत असं धरा. ब्राउझर आधी त्या दहाही ओळींचा पुन्हा मजकूर बनवतो, त्याला तुमचा नवीन तुकडा जोडतो, जुने दहाही नोड झाडावरून काढून टाकतो आणि तो अख्खा मजकूर वाचून ११ नवेकोरे नोड तयार करतो. तुम्ही लिसनर लावले होते ते जुन्या बटणांना, आणि ती बटणं आता पानावरच नाहीत. नवी बटणं हुबेहूब तशीच दिसतात, पण त्यांना कुणी काही जोडलेलं नाही. त्याच झटक्यात युजरने चेकबॉक्सवर केलेल्या खुणा आणि इनपुटमध्ये टाइप केलेला मजकूरही जातो, कारण मजकूर बनवताना या गोष्टी त्यात येत नाहीत.

याचा आणखी एक फसवा परिणाम आहे. एखादी ओळ आधी व्हेरिएबलमध्ये धरून ठेवली असेल, तर ते व्हेरिएबल अजून जुन्याच नोडकडे बोट दाखवत असतं. त्यावर काहीही बदला, एरर येत नाही आणि पडद्यावर काही हलतही नाही. असा संशय आला की कन्सोलमध्ये त्या नोडची ‘इजकनेक्टेड’ प्रॉपर्टी बघा. फॉल्स आली तर तुम्ही झाडाबाहेरच्या नोडवर काम करताय.

तेव्हा नोडच तयार करा. क्रिएटएलिमेंटने ‘एलआय’ बनवा, युजरचा मजकूर टेक्स्टकंटेंटने भरा, मग तसंच बटण बनवून ओळीला अपेंड करा आणि शेवटी पूर्ण ओळ यादीला अपेंड करा. हा क्रम महत्त्वाचा आहे: बटण जोडल्यावर ओळीचा टेक्स्टकंटेंट बदललात तर बटणासकट आतलं सगळं पुसलं जातं. बटणाचा टाइप ‘बटन’ असा स्पष्ट द्या. न दिल्यास फॉर्ममधलं बटण ‘सबमिट’ धरलं जातं आणि क्लिक करताच फॉर्म पाठवला जाऊन पान पुन्हा लोड होतं. युजरने लिहिलेलं काहीही इनरएचटीएमएलमध्ये घालू नका, हे मी आग्रहाने सांगतो. तिथून घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे खरं, पण ‘ऑनएरर’ असलेला इमेज टॅग चालतो, आणि घात करायला तेवढा पुरतो.

प्रत्येक नव्या बटणाला वेगळा लिसनर लावता येईल, पण यादीसाठी मी ते करणार नाही. क्लिकचा इव्हेंट, जिथे क्लिक झाला त्या नोडपासून वर पालक नोडांकडे जातो, म्हणून लिसनर एकदाच, यादीलाच लावा. आत ‘इव्हेंट.टार्गेट.क्लोजेस्ट’ला ‘काढा’ बटणाचा क्लास द्या; टार्गेट म्हणजे क्लिक झालेला नोड, आणि क्लोजेस्ट त्याच्यापासून वर जात जुळणारा पहिला नोड शोधतो. नल आला तर परत फिरा, बटण मिळालं तर त्याच्यापासून पुन्हा क्लोजेस्टने एलआय गाठा आणि रिमूव्ह करा. नुसतं टार्गेट तपासू नका. बटणात आयकॉन असेल तर टार्गेट तो आयकॉन असतो, बटण नव्हे. लिसनर यादीवर असल्यामुळे पुढे कितीही ओळी आल्या तरी पुन्हा काही जोडावं लागत नाही.

निम्म्या ओळी उरतात त्याचं कारण गेटएलिमेंट्सबायक्लासनेम, म्हणजे क्लासवरून नोड शोधणारी मेथड. त्याने दिलेला संग्रह जिवंत असतो, झाड बदललं की तोही लगेच बदलतो. चार ओळी आहेत. लूप ०वरची काढतो. लगेच दुसरी ओळ ०वर सरकते आणि तिसरी १वर. लूप आता १वर जातो आणि तिसरी काढतो. उरल्या दोन, लूपचा आकडाही २, म्हणून तो थांबतो. पहिली आणि तिसरी गेली, दुसरी आणि चौथी राहिली. संग्रहातल्या ओळींचा तोच क्लास लूपमध्ये काढलात तरी असंच होतं. क्वेरीसिलेक्टरऑलची यादी त्या क्षणाची असते आणि नंतर बदलत नाही. ती घेऊन फॉरईचमध्ये रिमूव्ह करा. सगळी यादीच रिकामी करायची असेल तर रिप्लेसचिल्ड्रन काही न देता बोलवा, काम झालं.

तुमच्या कोडमध्ये सेटॲट्रिब्यूटने ‘डिसेबल्ड’ला ‘फॉल्स’ दिलंय, त्याने बटण चालू होणार नाही. ॲट्रिब्यूट म्हणजे एचटीएमएल टॅगमध्ये लिहिलेली गोष्ट, प्रॉपर्टी म्हणजे डॉममधल्या ऑब्जेक्टवरची. ते ॲट्रिब्यूट नुसतं असलं तरी बटण बंदच राहतं, किंमत काहीही असो. प्रॉपर्टी वापरा: ‘बटण.डिसेबल्ड = फॉल्स’. इनपुटच्या ‘व्हॅल्यू’चंही तसंच, युजरने टाइप केल्यावर ॲट्रिब्यूट बदलून दिसणारा मजकूर बदलत नाही. क्लाससाठी क्लासलिस्ट घ्या; क्लासनेमला नवी किंमत दिली की आधीचे सगळे क्लास जातात. आणि डेटासेटमधून (टॅगवरच्या ‘डेटा-’ ॲट्रिब्यूटमधून) येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, आकडा हवा तर ‘नंबर’मधून काढा, नाहीतर १ अधिक १ म्हणजे ११ होतील.

ओळीची रचना मोठी झाली आणि क्रिएटएलिमेंटच्या ओळी वाढत गेल्या, तर पानात ‘टेम्प्लेट’ टॅगमध्ये एक नमुना लिहून ठेवा आणि दर वेळी त्याच्या ‘कंटेंट’ची प्रत क्लोननोडला ‘ट्रू’ देऊन घ्या. ट्रू विसरलात तर रिकामा तुकडा मिळेल. नमुन्यात आयडी ठेवू नका, प्रत्येक प्रतीत तोच आयडी जाईल. क्लास ठेवा आणि प्रत यादीला जोडण्याआधी तिच्यातच क्वेरीसिलेक्टरने जागा शोधून मजकूर भरा. जोडल्यावर तो तुकडा रिकामा होतो, मग त्यात शोधलंत तर पुन्हा नलच येईल.