फक्त ३०१ या आकड्यावर विसंबू नका : एक्युरी एकॉसच्या फोटोविषयी

नमस्कार,

आपला प्रश्न वाचताना सात वर्षांपूर्वीचा मीच समोर बसून बोलतो आहे असे वाटले, म्हणून हे जरा लांबलेले उत्तर. आपण लिहिता की, दिवंगत आतोबांच्या ट्रंकेत डी-टाइप जॅग्वार या शर्यतीच्या मोटारीचा एक कृष्णधवल फोटो सापडला, नंबरप्लेटवरची अक्षरे पुसट आहेत पण शेवटचे ३०१ हे आकडे वाचता येतात, आणि त्या निमित्ताने आपण एक्युरी एकॉस या एडिनबरातल्या छोट्या खासगी संघाचा इतिहास लिहायला घेतला आहे. फोटो १९५६ चा की १९५७ चा हे मात्र ठरत नाही, आणि वाहननोंदणीच्या ज्या कार्यालयाला आपण पत्र पाठवले तिथून चार महिने उत्तर नाही. याच आकड्याने माझी जवळजवळ दोन वर्षे खाल्ली आहेत.

आधीच सांगतो, मी इतिहासकार नाही आणि मोटारींचा मेकॅनिकही नाही. एडिनबरात एका बँकेच्या संगणक विभागात सहा वर्षे नोकरी केली, लहानपणापासून खेळण्यातल्या कॉर्गी मोटारी जमवत होतो, आणि संघाची कार्यशाळा जिथे होती ती मर्चिस्टन म्यूजची गल्ली माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, एवढीच माझी पात्रता. ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची मोटारशर्यत आणि डी-टाइप ही जॅग्वारने त्याच शर्यतीसाठी बांधलेली मोटार, हे आपल्याला ठाऊक असणार, त्यामुळे खोलात जात नाही.

माझी चूक अशी झाली. माझ्याकडेही असाच एका आवारातला फोटो होता आणि त्यातही ३०१ एवढेच दिसत होते. १९५६ ची ल मां शर्यत जिंकणारी मोटार, म्हणजे चासी क्रमांक (कारखान्याने मोटारीच्या सांगाड्याला दिलेला क्रमांक) एक्सकेडी ५०१, हिची नोंदणी एमडब्ल्यूएस ३०१ अशी होती हे मला पाठ होते. रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन यांनी त्या वर्षी २८ आणि २९ जुलैला ४ क्रमांक लावून तिच्यावर ३०० फेऱ्या पुऱ्या केल्या होत्या. एका छोट्या संघाकडे ३०१ चा शेवट असलेली दुसरी मोटार असेल ही शंकासुद्धा मनाला शिवली नाही. प्रत्यक्षात १९५७ ची शर्यत जिंकणाऱ्या एक्सकेडी ६०६ या मोटारीची नोंदणी आरएसएफ ३०१ अशी होती. डब्ल्यूएस आणि एसएफ या दोन्ही अक्षरजोड्या एडिनबराच्याच, त्यामुळे ‘एडिनबराची नंबरप्लेट आणि शेवट ३०१’ एवढ्या पुराव्याने दोन वेगळ्या वर्षांच्या दोन विजेत्या मोटारी एकाच चौकटीत बसतात. मी त्यातली एक निवडली आणि पुढचे सगळे तिच्यावर रचत गेलो.

रचत गेलो म्हणजे काय, तर फोटोत काचेचा आकार माझ्या तर्काला अडचणीचा होता. १९५६ च्या ल मांच्या नियमांनुसार पुढची काच मोटारीच्या पूर्ण रुंदीची असणे बंधनकारक होते, आणि फोटोतली काच चालकापुरतीच वाकवलेली होती. थांबून विचार करण्याऐवजी मी ‘शर्यतीनंतर काच बदलली असावी’ अशी एक ओळ लिहिली आणि पुढे सरकलो. ती ओळ तत्त्वतः चूक नव्हतीच, कारण काचा शर्यतीगणिक बदलल्या जात, म्हणून काचेवरून वर्ष ठरवू नये हे आपल्यालाही सांगतो. पण पुरावा विरोधात गेला की त्याला स्पष्टीकरण जोडायचे आणि बाजूने गेला की तो सिद्ध मानायचा, ही सवय मला तेव्हा लागली, आणि ती चुकीच्या तारखेपेक्षा जास्त महागात पडली.

आता त्या कार्यालयाविषयी. नाव घेत नाही, कारण आज तिथे कदाचित वेगळी माणसे असतील. मी अर्ज केला की, अमुक शहरातील, ३०१ ने संपणाऱ्या, जॅग्वार बनावटीच्या मोटारीची नोंद हवी आहे. शुल्क भरले. अकरा आठवड्यांनी एमडब्ल्यूएस ३०१ च्या नोंदीची एक पानी छायाप्रत आली, सोबत पत्र नाही, टीप नाही. दुसऱ्या अक्षरमालेतही असा क्रमांक असू शकतो हे सांगायला एक वाक्य पुरले असते. पुढे शंका आल्यावर प्रत्यक्ष गेलो, तर खिडकीवरच्या बाईंनी वह्या दुसऱ्या इमारतीत आहेत असे सांगितले, दुसऱ्या इमारतीत त्या पहिल्या इमारतीतच आहेत असे कळले, आणि लेखी तक्रारीला ‘आपण मागितलेली नोंद पुरवण्यात आलेली आहे’ असे उत्तर मिळाले. हे लिहिताना आजही चरफड होते. पण खरे सांगायचे तर, मला जे ऐकायचे होते तेच मी विचारले होते आणि तेच मला मिळाले. त्या छायाप्रतीवरचा शिक्का पाहून मी निश्चिंत झालो, एका छोट्या मंडळाच्या वार्तापत्रात फोटोसह लेख छापून आणला, आणि ‘१९५६ ची विजेती, विजयानंतर काही दिवसांनी’ अशी ओळ त्याखाली दिली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत एका निवृत्त गृहस्थांनी तो अंक हातात घेतला, अर्धा मिनिट पाहिला, आणि हिचे नाक एवढे लांब कसे, एवढेच विचारले. एक्सकेडी ५०१ ही कारखान्याने गिऱ्हाइकाला विकलेली आखूड नाकाची मोटार होती. जॅग्वारने ऑक्टोबर १९५६ मध्ये शर्यतींतून माघार घेतल्यानंतर त्यांच्या स्वतःच्या संघातल्या लांब नाकाच्या मोटारी एकॉसकडे आल्या, आणि ६०६ त्यांपैकी होती. हे नाक साडेसात इंचांनी लांब असते, आणि एकदा डोळ्याला सवय झाली की हेडलाइटपासून तोंडापर्यंतच्या अंतरावरून ते दुरूनही ओळखता येते. माझ्या फोटोत ते स्वच्छ दिसत होते. दोन वर्षांत मी नंबरप्लेट भिंगाखाली शेकडो वेळा पाहिली होती, आणि नाक एकदाही नाही.

तेव्हा आपण सगळ्यात आधी नाक पाहा. आखूड असेल तर ५०१ ची शक्यता वाढते, सिद्ध होत नाही. लांब असेल तर १९५६ च्या शर्यतीचा विचार सोडून द्या. यापुढे मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. डी-टाइपचा मधला भाग पत्र्याच्या टबासारखा असतो आणि १९५५ पासूनच्या मोटारींत पुढची नळ्यांची चौकट त्याला बोल्टने जोडलेली असते. अपघातानंतर चौकट बदलणे सोपे होते आणि ती बदलली जातही असे. त्यामुळे काही डी-टाइपांच्या बाबतीत चौकट एका मोटारीत आणि टब दुसऱ्या मोटारीत जाऊन एकाच क्रमांकावर दोन मालकांनी हक्क सांगितल्याचे प्रकार घडले आहेत. ५०१ ला २०१६ च्या ऑगस्टमध्ये माँटेरेच्या लिलावात २ कोटी १७ लाख ८० हजार डॉलर मिळाले, त्यात तिची ओळख सलग सांगता येते याचा मोठा वाटा असावा असे माझे मत आहे. आपल्याला लिलाव करायचा नाही, पण ‘हीच ती मोटार’ असे लिहिण्यापूर्वी कोणता भाग, कोणत्या तारखेला, हे दोन प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

आपल्या मूळ उद्देशाबद्दल, म्हणजे संघाच्या इतिहासाबद्दल, माझे मत थोडे हट्टी आहे आणि ते सर्वांना पटत नाही. बहुतेक जण मोटारींची यादी करतात आणि तिलाच इतिहास म्हणतात, मीही तेच केले. माझ्या मते सुरुवात डेव्हिड मरी या माणसापासून करावी. हा सनदी लेखापाल, शिवाय मद्याचा व्यापारी, आणि स्वतः मासेराती घेऊन १९५० ची ब्रिटिश ग्रां प्री धावलेला. विल्की विल्किन्सन या मेकॅनिकला सोबत घेऊन त्याने १९५१ च्या अखेरीस संघाची जुळवाजुळव केली. १९५२ च्या पहिल्या हंगामात संघाच्या तिन्ही जॅग्वार एक्सके-१२० मोटारी चालकांच्या स्वतःच्या होत्या : बिल डॉबसन, इयन स्टुअर्ट आणि सर जेम्स स्कॉट डग्लस. म्हणजे चालकाने मोटार आणायची आणि संघाने ती सांभाळायची, प्रवेशअर्ज भरायचे, ती शर्यतीपर्यंत न्यायची. पुढे कारखान्याच्या वापरलेल्या मोटारी घेणे हा संघाचा परिपाठच झाला. १९५४ मध्ये घेतलेल्या हलक्या सी-टाइपांपैकी (डी-टाइपच्या आधीची जॅग्वारची शर्यतीची मोटार) एक तर १९५३ ची ल मां विजेती होती. तेव्हा ‘ल मां जिंकलेली मोटार, संघ एकॉस’ एवढे वाचून ती एकॉसनेच जिंकली असे समजू नका. हा सापळा ३०१ इतकाच घातक आहे. हा हिशेब, म्हणजे मोटार कोणाची, पैसा कोणाचा, पाठीराख्यांच्या मंडळाने किती भार उचलला, समजला की १९५६ चा विजयही वेगळा दिसतो. जॅग्वारच्या स्वतःच्या संघातल्या दोन मोटारी दुसऱ्याच फेरीत अपघातात संपल्या, हॉथॉर्न आणि ब्यूब यांची तिसरी इंधननळीच्या बिघाडाने मागे पडून सहावी आली, आणि गिऱ्हाइकाची आखूड नाकाची मोटार जिंकली.

१९५७ ला नशिबाचा भाग कमी होता. २२ आणि २३ जूनला फ्लॉकहार्ट आणि ब्यूब ३ क्रमांकाच्या मोटारीत ३२७ फेऱ्या करून पहिले, सँडरसन आणि लॉरेन्स १५ क्रमांकाच्या मोटारीत दुसरे. पुढच्याच आठवड्यात, २९ जूनला, हाच संघ इटलीत माँझाला अमेरिकन मोटारींविरुद्ध धावायला हजर होता. युरोपातल्या बहुतेक नामवंत चालकांनी त्या शर्यतीवर बहिष्कार टाकला होता. चार गिअरच्या जोरावर जॅक फेअरमन सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे निघाला आणि शेवटी एकॉसच्या तिन्ही मोटारी चौथ्या, पाचव्या, सहाव्या आल्या. एका आठवड्यात ल मांहून माँझाला पोहोचून पुन्हा ५०० मैल धावायचे, हे त्या मूठभर मेकॅनिकांनी कसे निभावले याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. आपण लिहिलेत तर मी पहिला वाचक असेन. १९५८ पासून इंजिनाला ३ लिटरची मर्यादा आली, त्या आकाराचे जॅग्वार इंजिन टिकेना, आणि तिथून उतार सुरू झाला. पुढे टोजीरो मोटारींवर तरुण जॅकी स्टुअर्ट, म्हणजे नंतरचा फॉर्म्युला वन विश्वविजेता, या संघाकडून धावला, एवढे नोंदवून मी तो काळ आटोपता घेईन.

फोटोची तारीख ठरवायला आणखी एक खूण, जमल्यास. मागे मोटारी वाहून नेणारी गाडी दिसत असेल तर ती नीट पाहा. वर दोन आणि आत एक मोटार घेणारी, कॉर्गीने खेळण्यात काढलेली आणि २०१३ मध्ये सुमारे १८ लाख पौंडांना विकली गेलेली ती देखणी कॉमर गाडी १९६० च्या सुमारास संघाकडे आली. त्याआधी जुन्या बसगाड्या बदलून वापरल्या जात. कॉमर दिसत असेल तर फोटो १९५६ चाही नाही आणि १९५७ चाही नाही.

कार्यालयाकडे पुन्हा लिहिताना आकडे एकटे देऊ नका. ‘एमडब्ल्यूएस ३०१ आणि आरएसएफ ३०१ या दोन्ही नोंदी, प्रत्येकीची पहिली नोंदणी तारीख व मालकबदल’ असे नेमके मागा, आणि एखादी नोंद नसल्यास तसे लेखी कळवावे अशी ओळ टाका. उत्तराची वाट पाहत बसू नका. एडिनबराच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा वेगळा विभाग आहे, तिथे शर्यतीच्या आठवड्यातली वर्तमानपत्रे तारीख सांगून मागावीत. माझा तरी अनुभव असा की, वाहन क्रमांकापेक्षा तारीख सांगितली की माणसे लवकर मदत करतात. हे सगळीकडे लागू पडेल असा माझा दावा नाही.

फोटो इथे टाकणार असाल तर पूर्ण टाका, नंबरप्लेटपुरता कापून नको. पुढचे चाक, हेडलाइट आणि नाकाचे टोक एका चौकटीत दिसू दे. आणि मागच्या बाजूचाही स्कॅन टाका, कारण त्या काळी छपाई करणारे दुकानदार पाठीवर शिक्का मारत, आणि आतोबांनी पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते उजेड तिरपा धरल्याशिवाय दिसणार नाही.