वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा खटला आणि न्यायालयातला

प्रश्न : नागपुरातला गुंड अक्कू यादव याच्या खुनावरील २०२२ची माहितीपट मालिका पाहिल्यापासून न्यायव्यवस्थेवरचा माझा विश्वास डळमळला आहे. भर न्यायालयात खून होऊनही आरोपी २०१४ मध्ये निर्दोष कसे सुटले?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निराळे संशय मिसळले आहेत. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावाने यादवला ठार केले, तेव्हा पोलीस आपली तक्रार ऐकत नाहीत ही त्याची दहशत सोसणाऱ्या कस्तुरबानगर वस्तीची भावना जुनीच होती. तो संशय मालिकेने निर्माण केलेला नाही. सुटकेचे मात्र वेगळे आहे. खून झाला हे उघड असले, तरी तो अमुक व्यक्तीनेच केला हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते, आणि जमावाच्या बाबतीत नेमके तेच अवघड असते. कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याची उलटतपासणी होत नाही. उलट पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबसुद्धा आपला कायदा आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सहसा स्वीकारत नाही. शिवाय पंचनामे, ओळखपरेड असा रुक्ष भाग संकलनात गळतो (तो तासभर कोण पाहील, हेही खरेच), पण खटला बहुधा तिथेच टिकतो किंवा कोसळतो. निकालपत्र मिळाल्यास साक्षीपुराव्याचा भाग आधी वाचावा.