गड्ड्याच्या रात्री पहिला रोल काढताना

पहिल्याच रोलसाठी सोलापूरची गड्डा यात्रा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा निवडलीस, छान केलंस. आयएसओ ३२०० ची, म्हणजे कमी प्रकाशात चालणारी महाग फिल्म सध्या घेऊ नकोस. एचपी५ प्लस ही ४०० ची कृष्णधवल फिल्म घे, प्रकाश मोजणारा मीटर १६०० वर लाव आणि पूर्ण रोल त्याच आकड्यावर काढ. मध्येच ४०० वर आलास की अर्धा रोल बिघडलाच म्हणून समज, कारण डेव्हलपिंग सगळ्या रोलचं एकदमच होतं.

नवशिक्यांची खरी चूक मीटर वाचण्यात होते. नंदीध्वजाच्या (यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या) मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंद्या आणि दिव्यांच्या माळा मीटरला फसवतात. तो सांगेल तेवढाच प्रकाश दिलास, तर चेहरे काळे पडतील. म्हणून जवळ जा, चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूवर मीटर धर. सावलीत जे फिल्मवर उमटलंच नाही, ते डेव्हलपर कितीही वेळ ठेवलास तरी येत नाही. शटर १/६० च्या खाली नेऊ नकोस, लेन्स एफ/२ पर्यंत उघड.

घरी धुताना:
- डेव्हलपर आयडी-११, पावडरीपासून बनवलेलं मूळ द्रावण आणखी पाणी न मिसळता, २०° ला १४ मिनिटं.
- आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणी चांगलंच तापतं. जानेवारीतही थर्मामीटरशिवाय ओतू नकोस. गरम असेल तर डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी कर. बर्फ रसायनात टाकायचा नाही.
- फिल्म ठेवलेली डेव्हलपिंगची टाकी दर मिनिटाला दहा सेकंद हलकेच उलटसुलट कर. जोरात घुसळलंस तर बाराबंद्यांचा पोत जाऊन नुसते पांढरे ठिपके उरतात.

दाणे दिसतील, त्यांना घाबरू नकोस. इतर डेव्हलपरांचं नंतर बघू. निगेटिव्ह वाळली की खिडकीसमोर धरून फोटो पाठव.